बॉटलब्रशला ताण

कुंपणापलीकडून शेजारी काहीतरी लांबलचक बोलला आणि माझा नवरा म्हणाला, "नो वरीज, मेट." मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कप विसळत होते. त्या दोन शब्दांत आमचं झाड गेलं, हे मला अर्ध्या तासाने कळलं.

"तो काय म्हणत होता?" मी विचारलं.

"त्याचा सांडपाण्याचा पाइप तुंबला होता ना परवा? प्लंबर म्हणाला, आत मुळं शिरलीत. आपल्या बॉटलब्रशची असणार म्हणे."

"मग?"

"मग काय, झाड काढायला हवं. झाडं तोडणारा त्याच्या ओळखीचा आहे. सध्या लॉकडाउनमुळे या कामाला परवानगी नाही, पण ती मिळाली की पहिल्याच दिवशी येईल."

"आणि तू नो वरीज म्हणालास."

"अगं, म्हणजे... ऐकलं, या अर्थाने म्हणालो."

आपण 'बरं बरं' म्हणतो, समोरच्याचं बोलणं आपल्यापर्यंत पोचलं एवढ्याच अर्थाने. नवऱ्याने त्या 'बरं बरं'चं भाषांतर केलं होतं. पण इथल्या माणसाने काही मागितलं आणि आपण नो वरीज म्हणालो, की त्याच्या लेखी तो होकार असतो. चौदा वर्षं सिडनीत काढून माझ्या नवऱ्याला हे कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तोवर मीही या दोन शब्दांवर बरंच काही सोडून दिलं होतं. सुट्टीच्या दिवशीची शिफ्ट, नो वरीज. माझं नाव चुकीचं उच्चारणं, नो वरीज. यादी करायला बसले तर पान पुरणार नाही.

आणि मी याद्या करणारी बाई आहे. एका मोठ्या गोदामाचे ट्रक कधी, कुठून, काय भरून निघतील हे ठरवणं माझं काम. महामारीत ते काम जेवणाच्या टेबलावर आलं आणि याद्या फ्रिजवर आल्या. किराणा, औषधं, मुलीच्या बारावीच्या असाइनमेंट, कोणी कधी फिरायला जायचं. त्यात झाडाचीही एक यादी होती, आणि तिथेच माझी चूक झाली होती.

सिडनीच्या पश्चिमेला, क्वेकर्स हिलचं हे घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात सिमेंट आणि कपडे वाळत घालायची फिरती छत्री, एवढंच होतं. सिमेंट फोडून मी पहिली गोष्ट लावली ती बॉटलब्रश. वीतभर रोप. उष्ण, कोरड्या जागेत आपलं आपण वाढणारं, इथल्याच मातीचं झाड, म्हणून निवडलं. अकरा वर्षांत ते कुंपणाच्या दुप्पट झालं. दर वसंतात बाटली घासायच्या ब्रशसारखी लाल फुलं लागायची आणि रंगीत पोपट त्यांना उलटे लटकून मध प्यायचे.

पहिल्या लॉकडाउनमध्ये मी घरी अडकले आणि त्याची सेवा सुरू केली. सोमवारी तांदळाचं धुवण, बुधवारी पातळ ताक, शनिवारी हाडांचं खत, एक दिवसाआड पाणी. फ्रिजवर लिहून, बरोबरची खूण करून. पुण्यात असताना बाल्कनीतला गुलाब याच्यावर माजायचा. बॉटलब्रशच्या फांद्या हातभर लांबल्या, लुळ्या पडल्या, पानं फिकट झाली आणि त्या वर्षी एकही फूल आलं नाही. मी खत वाढवलं.

तेव्हा आई आमच्याकडेच होती. महामारीच्या आधी तीन महिन्यांसाठी आली होती ती काटोलजवळच्या आमच्या गावाहून, आणि सीमा बंद झाल्यावर इथेच राहिली. व्हिसाची मुदत वाढवत वाढवत दीड वर्ष झालं. गावाकडून फोन यायचे, कोण गेलं ते सांगायला. आई ऐकायची, 'हो' म्हणायची आणि फोन मला परत द्यायची. मग कोणतं तरी भांडं घासत बसायची, घासलेलंच.

त्या संध्याकाळी, नो वरीजच्या संध्याकाळी, नवरा तिला समजावत होता. "आई, एका झाडासाठी शेजाऱ्याशी वाकडं कशाला? दुसरं लावू. तिकडच्या कोपऱ्यात."

"जावईबापू," आई म्हणाली, "संत्र्याच्या बागेत चाळीस वर्षं कामाले गेली मी. माह्या हाताखालून किती झाडं गेली त्याची गिनती नाई. एक बी आपलं नव्हतं. हे पयलं हाये. ते तुमी पाइपासाठी देऊन टाकता?"

आई बागेत मजुरीला जायची हे मला माहीतच होतं. शाळेत बाबांचा व्यवसाय विचारायचे तेव्हा तिचं काम कोणी विचारायचं नाही, हेही. पण अकरा वर्षं मी ज्याला 'माझं झाड' म्हणत होते, ते तिच्यासाठी काय आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री नवी यादी केली. तिच्यावर एकच ओळ होती: झाड जाणार नाही.

सकाळी मास्क लावून कुंपणाशी गेले. शेजारी निवृत्त, एकटा राहणारा, हिवाळ्यातही चड्डीवर. वाईट माणूस नाही. आम्ही राहायला आलो त्या दिवशी आमच्यासाठी केक घेऊन आलेला.

"काल माझ्या नवऱ्याने नो वरीज म्हटलं," मी म्हणाले. "ते मागे घ्यायला आलेय. माझी वरी आहे."

तो हसला. मला हसू येत नाही हे पाहून थांबला. "लव्ह, माझ्या बाथरूममध्ये घाण पाणी वर आलं होतं. तुला चालेल?"

"नाही चालणार. पण ती मुळं माझ्या झाडाची आहेत हे कोणी पाहिलं?"

"दुसरं कोणाचं झाड आहे इथे?"

त्याच्या अंगणात नुसती हिरवळ होती. "मी खणून बघते," मी म्हणाले. "तुमचा माणूस येण्याआधी लेखी उत्तर देईन."

"खण," तो म्हणाला. "पण पहिल्या दिवसाचं बुकिंग मी ठेवतोय."

तो जुलै होता, म्हणजे इथला हिवाळा. दुसरा लॉकडाउन, आणि आमच्या भागाला वेगळे नियम. समुद्राकाठच्या उपनगरांतले लोक वाळूवर कॉफी पिताना बातम्यांत दिसायचे आणि आमच्या डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर फिरायचं. कढीपत्ता चार उपनगरं पलीकडे, वेंटवर्थव्हिलला मिळायचा; ते आता दुसऱ्या देशात असल्यासारखं होतं. आमच्या भागाबाहेर पडायला कामाचं पत्र लागायचं. खणायला मात्र पत्र लागत नव्हतं.

मी खणायचा आराखडा घेऊन आईकडे गेले. कुठून सुरुवात, किती खोल, रोज किती वेळ. तिने कागदाकडे पाहिलंच नाही. झाडाभोवती एक फेरी मारली, एक लुळी फांदी हातात घेऊन सोडून दिली.

"माजलं हाये," ती म्हणाली. "खाऊन-पिऊन नुसतं लाकूड वाढवून रायलं. तू याले ताण दिला नाई कधी?"

संत्र्याला ताण देतात हे मला ऐकून माहीत होतं. थंडीत पाणी तोडायचं, बुंध्याभोवतीची माती हलकी करून मुळं उघडी करायची. झाड घाबरतं. पानं मलूल होतात, थोडी गळतात. मग नेमक्या वेळी ताण तोडायचा, म्हणजे पाणी द्यायचं, आणि झाड फुलावर येतं.

"आजी, हे संत्रं नाही," मुलगी दारातून म्हणाली. "इट्स अ नेटिव्ह. आणि आई, तुझं ते बोन मील? नेटिव्ह झाडांना फॉस्फरस जास्त चालत नाही. इट्स एव्हरीव्हेअर ऑनलाइन. यू वेअर बेसिकली पॉयझनिंग इट."

"काय म्हनते?" आईने विचारलं.

"म्हणते, मी खत घालून घालून बिघडवलं."

"पोरगी हुशार हाये," आई म्हणाली. "खुरपी कुठं हाये?"

खुरपी नव्हती, बागकामाचं छोटं फावडं होतं. आईने ते नाकारून स्वयंपाकघरातलं जुनं उलथनं घेतलं. मी फ्रिजवरची झाडाची यादी काढली आणि कचऱ्यात टाकली. मला ते सोपं गेलं नाही.

रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी खणायचो. मी कुंपणाच्या कडेने चर, आई बुंध्याभोवती उलथन्याने माती मोकळी करत. हेलिकॉप्टर वरून गेलं की नवरा मागच्या दारातून ओरडायचा, "अगं, चर जरा आखूड ठेव! वरून बघणाऱ्यांना वाटेल सासूला पुरतोय."

"जावईबापू, तुमाले पुरतो म्हना," आई खालूनच म्हणायची. "माह्यासाठी एवढा लांब कायले पायजे?"

पाऊस आला तर ताण मोडेल म्हणून मी ताडपत्रीला भोक पाडून ती बुंध्याभोवती बांधली. शेजारी कुंपणावरून बघत होता. "तुम्ही त्याला मारताय का?" त्याने विचारलं. आवाजात आशा होती.

"नाही," मी म्हणाले. "फुलवतोय."

आठव्या दिवशी मूळ सापडलं. माझ्या मनगटाएवढं, लालसर सालीचं, आमच्या झाडापासून निघून थेट कुंपणाखालून शेजारच्या पाइपाच्या दिशेने गेलेलं. मी चरात गुडघ्यावर बसून त्याच्याकडे बघत राहिले. मला हवा होता तो पुरावा नेमका उलटा निघाला होता. चर बुजवून टाकता आला असता. कोणी पाहिलं नव्हतं.

आईने पाहिलं होतं. "आपलंच हाये," ती म्हणाली.

"आता?"

"आता काय? चुकलं ते मूळ. कापा लागते. झाडानं काय केलं?"

मी शेजाऱ्याला हाक मारली. तो आला, चरात वाकून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अपेक्षितच होतं. "सांगितलं होतं ना मी," तो म्हणाला. "इट्स गॉट टु गो, मेट."

"मूळ जाईल," मी म्हणाले. "आज, तुमच्यासमोर. चरात कुंपणाच्या पूर्ण लांबीला मुळं अडवणारं जाड प्लास्टिक उभं करीन. झाड राहील."

"एवढं मूळ कापलंस तर तसंही मरेल."

"मग मेलेलं मी स्वतः काढीन. जिवंत काढणार नाही."

करवत त्यानेच दिली. माझी पुरी पडत नव्हती हे त्याला बघवेना. मी मूळ कापलं. कापताना ओल्या मातीचा आणि किंचित औषधासारखा वास आला. आई चेहरा वळवून उभी होती, तिचं तोंड मला दिसलं नाही. प्लास्टिकचा रोल दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत टाकून मिळाला. तो लावायला चार दिवस गेले.

त्यानंतर झाड खरंच मरायला लागलं. निदान मला तसं वाटलं. कुंपणाकडची पानं पिवळी पडली, गळू लागली. मी सकाळी उठून पानं मोजायचे, एका ठरावीक फांदीवरची, आणि आकडा वहीत लिहायचे. आईने वही बंद केली. "मोजून ताण देता येत नाई बाई. पाहून द्या लागते."

ऑगस्टमध्ये ऑफिसने सगळ्यांसाठी ऑनलाइन कार्यक्रम ठेवला, ताणाला कसं सामोरं जायचं यावर. आम्ही तेव्हा अर्ध्या माणसांत पूर्ण काम करत होतो. एक बाई हसतमुखाने सांगत होती की दीर्घ श्वास घ्या, जवळच्या बागेत चालून या. आमच्या भागात एका तासापेक्षा जास्त चालायला बंदी होती. आई भाजी निवडत शेजारी बसली होती.

"काय सांगून रायली ते?"

"ताणाबद्दल बोलतेय, आई. सगळ्यांना ताण आलाय ना."

"मंग तोडाचा कधी, ते सांगितलं का?"

"ते नाही सांगितलं. सहन कसा करायचा ते सांगतेय."

आई हातातली मेथीची काडी घेऊन थांबली. "ज्यानं ताण दिला त्यालेच तोडाचा बी ठाऊक असला पायजे. देऊन ठेवला अन् पानी दिलंच नाई, त बहर येत नाई. सरपन होते."

मी माइक चालू केला. कार्यक्रमाच्या शेवटी प्रश्न विचारायची वेळ होती, आणि एरवी मी त्यात कधी बोलत नाही. मी विचारलं, आमच्या टीमची भरती कधी होणार आहे? हसतमुख बाई म्हणाली, हा तिचा विषय नाही. मग कोणाचा आहे, त्यांचं नाव सांगा, मी म्हणाले, मी त्यांना आज लिहिते. स्क्रीनवरच्या चौकोनांत बऱ्याच लोकांनी अंगठे वर केले. भरती दोन महिन्यांनी झाली. लवकर झाली असं म्हणता येणार नाही, पण झाली.

ऑगस्ट संपता संपता एका सकाळी आईने बुंध्याजवळची माती चिमटीत घेतली, एक पान दुमडून पाहिलं, आणि म्हणाली, "आज." ताडपत्री काढली. उघड्या मुळांवर माती ओढली. खत काहीच नाही, फक्त वाळलेल्या सालींचा थर. पहिलं पाणी हलकं दिलं, चौथ्या दिवशी भरपूर. झाड तसंच उभं. मी रोज टोकं तपासायचे. पंधराव्या दिवशी टोकांवर बारीक, केसाळ, हिरवट-लाल गाठी दिसल्या. मुलीने मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. आईने चष्मा लावून पाहिला आणि म्हणाली, "कळी हाये." मग आत जाऊन चहा ठेवला, सगळ्यांसाठी, साखर जास्त घालून.

सप्टेंबरच्या शेवटी झाडं तोडणाऱ्यांना परवानगी मिळाली. पहिल्याच सकाळी सात वाजता ट्रक शेजाऱ्याच्या दारात. मी लेखी उत्तर त्याच्या टपालपेटीत आदल्या आठवड्यात टाकलं होतं, एक पान, मुद्देसूद: मूळ कापलं, प्लास्टिक लावलं, झाड काढायला आमची संमती नाही. तरी ट्रक आला. त्याने बुकिंग रद्द केलं नव्हतं. मी माघार घेईन असं त्याला वाटलं असावं. आत्तापर्यंत नेहमी घेतली होती.

आम्ही चौघंही अंगणात गेलो. तोडणारा माणूस शिडीवर चढून कुंपणावरून बघत होता. तरुण होता, घाईत होता. "हूज द ओनर?" त्याने विचारलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. आईने माझ्या मुलीला विचारलं, "काय म्हनते?"

"विचारतोय, मालक कोण आहे झाडाचा."

आई पुढे झाली. नऊवारीवर माझं जुनं जॅकेट, पायात नवऱ्याच्या चपला, मास्क हनुवटीखाली. "मालक?" ती म्हणाली. "मी." आणि कळलं नसेल तर म्हणून छातीवर बोट ठेवून, "ओनर. मी. नो."

"शी सेज नो," मुलगी म्हणाली.

"येस, आय गॉट दॅट," तो माणूस म्हणाला. त्याने चर पाहिला, प्लास्टिकची कडा पाहिली, फांद्यांची टोकं पाहिली. मग खाली वळून शेजाऱ्याला म्हणाला, "मेट, मालक नाही म्हणाला तर मी हात लावत नाही. आणि मूळ तर यांनी कापलंय. तुला तुझ्या बाजूला आलेल्या फांद्या हव्या असतील तर त्या काढतो."

शेजाऱ्याला हव्या होत्या. तो त्याचा हक्कच होता. करवत चालू झाली आणि कुंपणाच्या रेषेत झाड सपाट कापलं गेलं, वरपासून खालपर्यंत, पावाचा काप काढल्यासारखं. कळ्यांसकट फांद्या त्याच्या हिरवळीवर पडल्या. आईने डोळे मिटले नाहीत. सगळं होईपर्यंत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "अर्धं बी लय हाये."

ऑक्टोबरच्या मध्यावर आमच्याकडचं अर्धं झाड फुललं. इतकं, की मला पानं दिसेनात. पोपट पहाटेपासून भांडायचे, मुलगी ऑनलाइन वर्गात वैतागायची. आईने एक ब्रश तोडून कप विसळून पाहिला, सगळा लाल रंग पाण्यात आला आणि ती स्वतःशीच हसली. "दिसाले ब्रश, कामाचा नाई." शेजारी कुंपणापलीकडून बघायचा. मी त्याला काही बोलायला लावलं नाही. पाइप पुन्हा तुंबला नाही, असं मी ठामपणे म्हणू शकते. तुंबला असता तर त्याने नक्कीच सांगितलं असतं.

आई विमानं सुरू झाल्यावर गेली. पहिल्या विमानाचं तिकीट मिळत होतं, ते तिने घेऊ दिलं नाही. फुलं उतरू द्या, म्हणाली, मग छाटणी दाखवून जाईन. वाळलेल्या ब्रशच्या जरा खाली, कुठे कात्री लावायची ते तिने मला एका फांदीवर दाखवलं, कुंपणाकडची एक सोडून उरलेल्या माझ्याकडून करून घेतल्या, आणि दोनदा हातावर चापट मारली.

बॉटलब्रशचं एक वेगळेपण आहे. फूल येऊन गेलं तरी फांदी तिथे संपत नाही. टोक फुलातूनच पुढे वाढत जातं, आणि जिथे फूल होतं तिथे फांदीला चिकटलेल्या टणक बियांचं कडं राहतं, वर्षानुवर्षं. न छाटलेल्या फांदीवर ही कडी मोजता येतात. दर वर्षीची छाटणी मी वेळेवर करते, यादीत लिहून. पण कुंपणाकडची ती एक फांदी मी कधीच छाटत नाही. गेल्या वर्षी बागकाम करणारा एक जण म्हणाला, ही वेडीवाकडी वाढलीय, काढू का? मी नाही म्हटलं. त्या फांदीवर बराच लांब नुसता, मोकळा भाग आहे, ते आमचं खताचं वर्ष. त्याच्या पुढे एक जाड, गच्च कडं आहे. ते जिच्यामुळे आलं ती झाडाची मालक काटोलला असते, फोनवर दर रविवारी पहिला प्रश्न झाडाचाच विचारते, आणि छाटणीची परवानगी तिची लागते.